जुना थिंकपॅड घेताय? आधी तो पालथा करून बघा

काळा, चौकोनी, सरळ कडांचा, आणि कीबोर्डच्या मधोमध, जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात एक लाल टिंब. हा लॅपटॉप तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणारच. बँकेच्या काउंटरमागे, कंपनीच्या मीटिंगमध्ये, नाहीतर परदेशातून सुट्टीला आलेल्या एखाद्या मावसभावाच्या सॅकमध्ये. तो थिंकपॅड. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे थिंकपॅड आजही लोक शोधून शोधून घेतात, उघडतात, साफ करतात, सुटे भाग बदलतात आणि त्यावर रोजचं काम करतात. मीही त्यातलाच. मला कुणी विचारलं की एवढं काय आहे त्यात, तर मी उत्तर देण्याऐवजी स्क्रूड्रायव्हर हातात देतो. ही मशीन उघडण्यासाठी बनवलेली आहे. कोणत्या मॉडेलमध्ये कोणता स्क्रू कुठे आणि किती लांबीचा, हे सांगणारं दुरुस्तीचं पुस्तक कंपनीने स्वतःच सगळ्यांना वाचायला खुलं ठेवलं आहे. असं वागवणारी वस्तू हल्ली फार थोडी उरली आहे.

पहिल्यांदाच जुना थिंकपॅड घ्यायचं मनात असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. थोडी पूर्वपीठिका सांगतो, कारण दुकानात मशीन हातात घेतल्यावर ती उपयोगी पडते.

आयबीएमने पहिला थिंकपॅड, म्हणजे ७००सी, १९९२च्या ऑक्टोबरमध्ये आणला. १०.४ इंची रंगीत पडदा, १२० एमबीची हार्ड डिस्क आणि ४,३५० डॉलर किंमत. नाव आलं ते आयबीएमच्या जुन्या ब्रीदशब्दावरून. थॉमस वॉटसन यांनी ‘थिंक’ हा शब्द कंपनीत इतका रुजवला होता की कर्मचाऱ्यांच्या खिशातल्या छोट्या वहीवरही तोच छापलेला असे. रूप दिलं रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने: बाहेरून अगदी साधा काळा डबा, उघडल्यावरच आत काय आहे ते कळावं, जपानी बेंतो डब्यासारखा. बांधणीचं काम जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत झालं, आणि तिथले अरिमासा नाइतोह यांना आजही थिंकपॅडचे जनक म्हणतात. लाल टिंबाची, म्हणजे ट्रॅकपॉइंटची कल्पना टेड सेल्कर यांची. टायपिंग करणाऱ्याचा हात कीबोर्डवरून माउसकडे जातो आणि परत येतो, त्यात वेळ वाया जातो, तो वाचवायचा एवढाच त्यामागचा विचार. १९९३च्या डिसेंबरमध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी गेलेल्या एन्डेव्हर यानात थिंकपॅड ७५० होता. १९९५चा ७०१सी झाकण उघडताना आपला कीबोर्ड फुलपाखराच्या पंखांसारखा दोन्ही बाजूंना पसरत असे. तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. २००५ मध्ये हा सगळा विभाग लेनोव्होने विकत घेतला. चाहत्यांना तेव्हा धास्ती वाटली होती, पण मला स्वतःला सगळ्यांत जास्त आवडणारी मशीन त्यानंतरची आहेत.

पायरी पहिली: कशासाठी हवा, ते ठरवा

नावं आधी समजून घ्या, मग दुकानदाराचं बोलणं कळेल. पहिलं अक्षर मालिका सांगतं. टी म्हणजे चौदा-पंधरा इंची, रोजच्या कामाचा गडी. एक्स म्हणजे लहान आणि हलका. डब्ल्यू, आणि नंतरच्या काळात पी, म्हणजे जड कामाची वर्कस्टेशन. आकड्यातला मधला अंक पिढीचा. एक्स२२०, टी४२० आणि डब्ल्यू५२० ही २०११ची भावंडं. ‘३०’वाली २०१२ची, ‘४०’वाली २०१३ची. २०१८चा टी४८० याच ओळीतला.

माझं मत सरळ आहे. टायपिंगसाठी, लिहिण्यासाठी, मशीन उघडून शिकण्यासाठी घेत असाल तर एक्स२२० किंवा टी४२० घ्या. रोजची नोकरी, व्हिडिओ कॉल, पंचवीस टॅब उघडे ठेवणं, मुलांचा अभ्यास यासाठी घेत असाल तर टी४८० घ्या. बाकीच्या मॉडेलांबद्दल वाद घालायला आयुष्य पडलं आहे.

एक्स२२० का? तर कीबोर्डसाठी. सात ओळींचा जुना कीबोर्ड मिळालेली ही शेवटची पिढी. २०१२ पासून सहा ओळींचा, सुट्या चौकटींच्या कळांचा नवा कीबोर्ड आला. तोही चांगलाच आहे, वाईट म्हणणार नाही. पण जुन्या कीबोर्डवर कळ खाली जाते तेव्हा मध्ये एक नेमका टप्पा लागतो, आणि बोटाला कळतं की अक्षर उमटलं. एस्केप आणि डिलीट या कळा दुप्पट उंचीच्या आहेत, म्हणजे न बघता सापडतात. होम, एन्ड आणि पानं वर-खाली करायच्या कळा उजव्या कोपऱ्यात एकत्र आहेत. दिवसभर मजकूर तपासणाऱ्या माणसाला याचं मोल कळेल. चाहत्यांची या कीबोर्डवर इतकी भक्ती, की लेनोव्होने २०१७ मध्ये पंचविसाव्या वर्धापनाचं खास मॉडेल काढलं तेव्हा त्यात सात ओळी परत आणल्या. चीनमधल्या हौशी मंडळींच्या एका गटाने तर एक्स२०१च्या जुन्या सांगाड्यात बसेल असा अगदी नवा मदरबोर्ड तयार केला, केवळ तो कीबोर्ड सोडवेना म्हणून.

एक्स२२०च्या मर्यादाही ऐका. पडदा १३६६ बाय ७६८चा, म्हणजे आजच्या मानाने भरड. यूएसबी ३चं पोर्ट फक्त आय७ प्रोसेसरच्या मॉडेलांत. प्रोसेसर बोर्डावर कायमचा बसवलेला, तो बदलता येत नाही. टी४२० मध्ये मात्र तो सॉकेटमध्ये असतो आणि चार कोअरचा टाकता येतो. यूट्यूब ज्या नव्या पद्धतीने व्हिडिओ पाठवतं ती या चिपला जमत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि पंखा फिरू लागतो.

टी४८०ची गोष्ट वेगळी. दोन रॅमच्या खाचा, ६४ जीबीपर्यंत रॅम, यूएसबी-सीने चार्जिंग, आणि बॅटऱ्या दोन: एक आत, एक बाहेर. आतल्या बॅटरीवर मशीन चालू ठेवून बाहेरची काढता येते आणि दुसरी लावता येते, काम न थांबता. पुढच्या टी४९० मध्ये रॅमची एक जोडणी बोर्डावर पक्की झाली आणि बाहेरची बॅटरी गेली. म्हणून टी४८०ला एवढी मागणी. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून पुढे चालतं. टी४८० मध्ये आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेली मशीन त्या रेषेच्या अलीकडे येते. टी४७० राहतो पलीकडे.

दोन इशारे. टी४४० आणि एक्स२४०च्या पिढीत ट्रॅकपॉइंटची वरची तीन बटणं काढून टाकली होती. सगळा टचपॅडच दाबायचा, आणि लाल टिंब वापरणाऱ्याला ते हाताला लागत नाही. २०१५च्या टी४५०ला बटणं परत आली. आणि एक्स१ कार्बन दिसायला सुंदर असला तरी त्याची रॅम बोर्डावर पक्की असते. घेताना जितकी, तितकीच शेवटपर्यंत.

पायरी दुसरी: दुकानातला अर्धा तास

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि आसपासचा भाग, दिल्लीत नेहरू प्लेस. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने एकगठ्ठा विकतात. तेच पुढे अशा बाजारांत आणि ऑनलाइन येतात. या मशीन घरी न वापरता ऑफिसात वापरलेल्या असतात, म्हणून बाहेरून घासलेल्या पण आतून धडधाकट सापडतात. शक्यतो समोर बघून घ्या. आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका. सकाळी दुकान उघडल्यावर जा, म्हणजे दुकानदारही निवांत असतो आणि तुम्हालाही कुणी घाई करत नाही.

मशीन हातात आली की झाकण उघडू नका. आधी पालथी करा.

पाठीवरचे स्क्रू बघा. एखादा नसेल तर फार बिघडत नाही. पण डोकी झिजून गोल झाली असतील तर कुणीतरी चुकीच्या हत्याराने, घाईत उघडलेली आहे, आणि आतही तसंच काम झालेलं असणार. तळाला बारीक भोकं दिसतील. कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खाली निघून जावं म्हणून ती केलेली आहेत. भोकांच्या कडेला चहाचा तपकिरी डाग किंवा चिकटपणा दिसला तर ती मशीन ठेवून द्या. मग लेबल वाचा. त्यावर चार अक्षरी प्रकार-क्रमांक आणि सिरीयल नंबर असतो. एक्स२२० असेल तर तो बहुधा ४२८७ किंवा ४२९१ सारखा, टी४८० असेल तर २०एल५ किंवा २०एल६. सिरीयल नंबर लेनोव्होच्या संकेतस्थळावर टाकला की मशीन कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात काय काय होतं ते कळतं. ‘आयपीएस पडदा आहे साहेब’ (म्हणजे तिरकं बघूनही रंग न बिघडणारा) हे खरं की नाही, ते तिथेच समजतं.

आता चालू करा आणि लगेच एफ१ दाबत राहा, म्हणजे बायोस, विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सेटिंगचं पान, उघडेल. हे अजिबात चुकवू नका. मी पहिला एक्स२२० घेतला तेव्हा चुकवलं. दुकानात विंडोज छान सुरू झालं, पडदा स्वच्छ होता, मी पैसे दिले आणि घरी आलो. रात्री बायोसमध्ये शिरायला गेलो तर समोर कुलपाचं चित्र आणि पासवर्डची रिकामी चौकट. तो सुपरवायझर पासवर्ड होता, आधीच्या ऑफिसने घातलेला आणि मशीन विकताना काढायचा राहिलेला. गंमत नाही, हा पासवर्ड मशीन सुरू होताना विचारतच नाही, म्हणून विकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून ठेवली तरी तो जात नाही, कारण तो वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो. कंपनीचं उत्तर एकच: मदरबोर्ड बदला. दुकानदाराने मशीन परत घ्यायला नकार दिला. तेव्हापासून एफ१ दाबून, बायोसमधली एखादी सेटिंग बदलून आणि जतन करून बघितल्याशिवाय मी खिशात हात घालत नाही. तिथेच सुरक्षेच्या पानावर कॉम्प्युट्रेस नावाची नोंद असते. चोरीला गेलेली मशीन शोधायची ही व्यवस्था. ती प्रत्यक्ष सक्रिय (‘अॅक्टिव्हेटेड’) दिसली तर मशीन अजून कुणाच्यातरी नावावर आहे असं समजा आणि सोडून द्या.

एवढं झालं की पुढचं सोपं. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा, एकही सोडू नका. लाल टिंबाने कर्सर चारी दिशांना फिरवा. मधे हात काढल्यावर कर्सर दोन-तीन सेकंद आपोआप सरकत राहिला तर घाबरू नका. बोट न लावता थांबलात की तो स्वतःला जुळवून घेतो. सारखाच सरकत राहिला तर मात्र कीबोर्ड बदलावा लागेल. बिजागऱ्या तपासायला झाकण अर्ध्यावर उघडून सोडा, ते तिथेच राहायला हवं. पडदा वरून-खालून, तिरका करून बघा. साध्या पडद्याचे रंग खालून बघताना काळवंडतात, आयपीएसचे तसेच राहतात. टी४८० बऱ्याच कंपन्यांनी १३६६ बाय ७६८च्या स्वस्त पडद्यावर घेतला होता, तेव्हा डिस्प्ले सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० दिसतंय ना, ते डोळ्यांनी बघा.

टी४८०चे दोन्ही यूएसबी-सी पोर्ट चार्जर लावून तपासा, एक नाही, दोन्ही. त्यातल्या थंडरबोल्ट या वेगवान जोडणीच्या चिपचं सुरुवातीचं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर, सदोष होतं आणि कालांतराने त्यामुळे पोर्ट निकामी होत असे. लेनोव्होने सुधारित फर्मवेअर दिलं आहे. मशीन घरी आणली की बाकी काही करण्याआधी ते चढवा.

बॅटरीचं आरोग्य विंडोजच्या बॅटरी अहवालात दिसतं. नवीन असताना क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज किती होतो, हे दोन आकडे बघा. जुन्या मशीनमध्ये बॅटरी थकलेली असणारच. त्यासाठी मशीन नाकारू नका, किंमत कमी करून घ्या.

किंमतीचं गणित माझं असं असतं: मागितलेली रक्कम, अधिक नवी बॅटरी, अधिक एसएसडी, अधिक रॅम. ही बेरीज कागदावर मांडून दुकानदाराला दाखवा. घासाघीस करण्यापेक्षा कागद दाखवणं जास्त चालतं. चार्जर मूळचा मागा. चार्जरच्या टोकाचा आकार पिढीगणिक बदलला आहे: २०१२ पर्यंत गोल, २०१३ पासून चपटं आयताकृती, आणि टी४८०च्या वेळेला यूएसबी-सी. आयबीएमच्या काळातला टी४० वगैरे कुणी दिला तर लक्षात ठेवा, त्याला १६ व्होल्ट लागतात. टी६० पासून पुढे २०. एकाचा चार्जर दुसऱ्याला जबरदस्तीने लावायचा नाही.

पायरी तिसरी: घरी आल्यावर उघडा

यासाठी लागतं फार थोडं. बारीक स्टार स्क्रूड्रायव्हर, जुनं प्लास्टिकचं कार्ड, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा. डब्याच्या प्रत्येक वाटीत एका भागाचे स्क्रू ठेवले की बसवताना गोंधळ होत नाही. तुमच्या मॉडेलचं दुरुस्तीचं पुस्तक लेनोव्होच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि समोर उघडं ठेवा.

चार्जर काढा, बॅटरी काढा. एक्स२२०ची बॅटरी मागून सरकून निघते. टी४८०ला आतली बॅटरी असते, म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन ती बंद करायची सोय आहे, ती वापरा, मगच झाकणाला हात लावा. टी४८०च्या झाकणाचे स्क्रू सैल होतात पण सुटून पडत नाहीत, आणि मग कडेने कार्ड फिरवत झाकण सोडवायचं. टकटक आवाज येतो तो खिट्ट्यांचा, तुटण्याचा नाही.

एक्स२२० मध्ये रॅम तळाच्या छोट्या झाकणाखाली आणि डिस्क बाजूच्या कप्प्यात. दोन्ही पाच मिनिटांचं काम. फक्त एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची घ्या, ९.५ची त्या कप्प्यात शिरत नाही. रॅम डीडीआर३, ८ जीबी पुरते, १६पर्यंत चालते. टी४८०ला डीडीआर४ लागते, आणि शक्य असेल तर दोन सारख्या पट्ट्या लावा, ग्राफिक्सला फरक पडतो.

मग एक्स२२०चा कीबोर्ड. तळाला ज्या स्क्रूंजवळ कीबोर्डचं छोटं चित्र कोरलेलं आहे तेवढेच काढायचे, हे मला फार आवडतं. कुणीतरी यामातोमध्ये बसून, आपल्यासारखा माणूस कधीतरी हे उघडणार आहे असा विचार करून ते चित्र कोरायला लावलं असणार. मशीन सरळ करा, कीबोर्ड दोन्ही अंगठ्यांनी पडद्याच्या दिशेला किंचित ढकला, पुढची कड सुटते, ती उचला. खाली रुंद पट्टीची केबल असते, ओढू नका. तिचा कनेक्टर सरळ वर उचलला की निघतो.

पहिल्यांदा मी तो कीबोर्ड उचलला तेव्हा खाली कुणाचातरी आख्खा ऑफिसचा काळ पडलेला होता. शेवेचे तुकडे, एक पातळ पोहा, स्टेपलरची पिन, पेन्सिलीचं टोक. ते सगळं ब्रशने कागदावर काढलं, कळांच्या मधल्या फटी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्या, आणि वाळल्यावर कीबोर्ड परत बसवला. पहिलं वाक्य टाइप केलं तेव्हा स्पेसबारचा आवाज बदलला होता: आधी दबका, आता खणखणीत. त्या आवाजासाठी मी हे काम कुणालाही स्वतः करायला सांगीन, दुकानात देऊ नका.

पंख्याची धूळ काढताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फुंकरीच्या जोराने तो वाटेल तसा फिरून बेअरिंग खराब होतं. टी४८० मध्ये झाकण काढलं की पंखा आणि तांब्याची नळी समोरच असते, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता नळीकडे नेणारा लेप) बदलणं सोपं. एक्स२२० मध्ये तिथवर पोचायला जवळजवळ सगळी मशीन मोकळी करावी लागते. पहिल्याच दिवशी ते करू नका. आधी महिनाभर वापरा, आणि तापमान खरंच चढत असेल तर एखाद्या रविवारी, पुस्तक समोर ठेवून, करा.

पायरी चौथी: आत काय घालायचं

एक्स२२० असेल तर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या प्रकारांपैकी मिंट घ्या, डेबियन घ्या, दोन्ही छान चालतात. थिंकपॅडच्या खास कळा, दिवे आणि पंखा यांच्यासाठी लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) स्वतंत्र ड्रायव्हर आहे, त्यामुळे आवाज, ब्राइटनेस वगैरेसाठी वेगळं काही करावं लागत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करायला एफ१२ दाबा. टी४८०वर विंडोज ११ आणि लिनक्स दोन्ही नांदतात.

लिनक्सवर टीएलपी नावाचं छोटं साधन बसवून घ्या. त्यात बॅटरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तरच चार्ज सुरू व्हावा आणि ८०ला थांबावा, असं सांगता येतं. मशीन दिवसभर टेबलावर चार्जरला लावलेली असेल तर बॅटरीचं आयुष्य वाढवणारा याहून सोपा उपाय नाही. विंडोजवर लेनोव्होच्या स्वतःच्या व्हँटेज अॅपमध्ये हीच सोय मिळते.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांची प्रमाण कळरचना, शिका, एवढी माझी विनंती आहे. असा कीबोर्ड हाताखाली असताना रोमनमधून मराठी लिहिणं म्हणजे चांगल्या तव्यावर तयार पोळी गरम करण्यासारखं आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. आठवड्याभरात बोटांना वळण लागतं. जे दाबलं की र, शिफ्टसह जे दाबलं की ऱ. ‘दुसऱ्या’ लिहिताना हा ऱ, मग डी वरचा हलन्त, मग य, आणि ‘ऱ्या’ आपोआप नीट जोडला जातो, रफार होऊन वर चढत नाही. ळ आहे शिफ्टसह एन वर. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी निवडलं की हे सगळं तयार मिळतं.

पायरी पाचवी: आठ दिवस टचपॅड बंद ठेवा

बायोसमध्ये टचपॅड बंद करता येतो. करा. लाल टिंबाची सवय त्याशिवाय लागत नाही. लोक तीन मिनिटं वापरून सोडून देतात, कारण ते टिंब ढकलायला जातात. ते हलत नाही, हलायचं नाहीच. ते दाब ओळखतं. तर्जनीचं टोक वर ठेवा आणि जिकडे जायचं तिकडे नुसता कल द्या. जास्त दाब, जास्त वेग. मधलं बटण धरून टिंब वर-खाली कललं की पान सरकतं. पहिले दोन दिवस कर्सर खिडकीच्या पलीकडे जात राहील. चौथ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की हात कीबोर्डवरून उठलाच नाही.

टिंबाची रबरी टोपी झिजली की गुळगुळीत होते आणि बोट घसरतं. ती चिमटीत धरून वर ओढली की निघते, नवी दाबून बसवायची. नव्या टोप्या अगदी स्वस्त आहेत, पण उंची बघून घ्या. एक्स२२०ची उंच टोपी पातळ मशीनला लावली तर झाकण बंद केल्यावर ती पडद्यावर टेकते आणि तिथे खूण उमटते.

सुटे भाग मागताना मॉडेलचं नाव सांगून थांबू नका. प्रत्येक भागावर एफआरयू क्रमांक, म्हणजे त्या सुट्या भागाचा कंपनीचा क्रमांक, छापलेला असतो, तोच सांगा किंवा फोटो पाठवा. बॅटरीच्या बाबतीत एक्स२३० आणि टी४३०च्या पिढीला विशेष जपा. ती मशीन न ओळखलेली बॅटरी चार्ज करायला सरळ नकार देतात. टी४८०च्या बाहेरच्या बॅटरीवर ६१ असेल तर २४ वॉट-तास, ६१ पुढे एक अधिक चिन्ह असेल तर ४८, दोन असतील तर ७२. त्या सगळ्यांत मोठ्या बॅटरीने मशीन मागून थोडी उचलली जाते. मला तो उतार टायपिंगला आवडतो.

वायफाय कार्ड बदलायचं मनात आलं तर थांबा. एक्स२२०, एक्स२३० आणि त्यांच्या भावंडांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं लावलं तर मशीन सुरूच होत नाही. त्यातून सुटायचा मार्ग म्हणजे बायोसच बदलणं, त्याच्या जागी कोअरबूट किंवा लिब्रेबूट ही खुली सॉफ्टवेअर बसवणं. एक्स२०० आणि एक्स६० लिब्रेबूटमुळेच मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत प्रिय झाले. त्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनीही असाच एक्स२०० वापरला. पण त्यासाठी बोर्डावरच्या चिपला चिमटा लावून बाहेरून लिहावं लागतं, आणि तुमच्याकडे एकच मशीन असेल तर ती पणाला लावू नका. दुसरी येईलच घरात, तेव्हा करा.

बायोसमध्ये गेलाच आहात तर तिथे एफएन आणि कंट्रोल या कळांची अदलाबदल करायची सोयही दिसेल. या जुन्या थिंकपॅडवर अगदी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात कंट्रोल नसतो, एफएन असतो, आणि नवीन माणसाला त्याचा फार त्रास होतो. बरेच जण ती अदलाबदल करतात. एक्स२२०वर मी केली नाही, आणि कारण सांगतो. या मशीनच्या पडद्यावरच्या कडेत, कॅमेऱ्याजवळ, एक छोटा दिवा आहे, थिंकलाइट. कीबोर्डवर उजेड पाडणारा. तो लागतो एफएन आणि पान-वर या दोन कळा एकत्र दाबल्यावर. एक कळ डावीकडच्या खालच्या टोकाला, दुसरी उजवीकडच्या वरच्या टोकाला, म्हणजे कीबोर्डचे समोरासमोरचे दोन कोपरे. परवा रात्री लिहिताना लाइट गेली. पडदा बॅटरीवर मंद झाला, कळा दिसेनात. दोन्ही हात कडेकडेने कोपऱ्यांपर्यंत नेले, दोन बोटं दाबली, आणि पिवळसर उजेड बरोबर कळांवर पडला.